उचलून नेऊ की, काळजी करू नका

परवा एका नाट्यगृहात फोन केला. नाव घेत नाही, आपल्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला परत तिथंच नाटकाला जायचंय. म्हणलं, "व्हीलचेअर आत येते का हो?" पलीकडचे काका एकदम दिलखुलास, "येते की! का नाय येणार?" म्हणलं पायऱ्या किती आहेत. "पायऱ्या हायत सहा-सात, पण तुम्ही कशाला टेन्शन घेताय ताई, आपली पोरं हायत, चौघंजण उचलून नेतील की, काळजी करू नका."

हे वाक्य मी सांगलीत ऐकलंय, साताऱ्यात ऐकलंय, कराडात ऐकलंय, एकदा तर एका आर्ट गॅलरीच्या उद्घाटनाला खुद्द अध्यक्षांच्या तोंडून माईकवर ऐकलंय. मनापासून म्हणतात हो, त्यात खोट काही नाही. आपल्याकडच्या माणसांचा हा स्वभावच आहे, रस्त्यात गाडी बंद पडली तर ढकलायला चार जण न बोलावता येतात. पण गेल्या पाच-सहा वर्षांत या दोन जिल्ह्यांत नाटकं, गाणी, प्रदर्शनं बघत फिरताना माझं असं मत झालंय की आपल्याकडं रॅम्प होत नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण हे चौघंजणच आहेत. उचलणारे आहेत म्हणल्यावर रॅम्प कशाला बांधतील कोण.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, चाळिशीपर्यंत कॅलिपर (पायाला आधाराला बांधायचा सांगाडा) आणि कुबडीवर निभावलं, बँकेत नोकरी केली, साईड व्हील लावलेल्या अ‍ॅक्टिव्हावर अख्खी सांगली पालथी घातली. मग चांगला पाय पण कुरकुर करायला लागला, खांदा गेला, डॉक्टर म्हणले बास आता, तेव्हापासून बाहेर जायचं तर व्हीलचेअर. भाचा सोबत असतो, सिव्हिलचा डिप्लोमा करतोय, त्याच्या घरच्यांची ईको गाडी आहे आणि त्याला आत्याबरोबर फिरायला आवडतं (पेट्रोल आत्याचं असतं हे पण कारण असेल). कधीकधी माझी मैत्रीण असते, ती जन्मापासून पूर्ण अंध, पेटी शिकवते, म्हणून घरात तिला आम्ही पेटीवालीच म्हणतो.

तर उचलणं म्हणजे नक्की काय होतं ते ज्यांना कधी उचललं नाही त्यांना सांगते. पहिल्यांदा चौघांची मीटिंग होते. कोण कुठं धरणार. त्यात एकजण हमखास हात टेकायच्या दांडीला धरतो, ती दांडी काढता-घालता येते, त्यामुळं ती त्याच्या हातात येते आणि मी एका बाजूला कलते. मग "अरे सावकाश, बाईमाणूस हाय" असा आवाज येतो. साडी असली तर एक हात साडीला, एक हात पर्सला, आणि तोंडावर हसू ठेवायचं, कारण लोक इतकं चांगलं काम करतायत आणि तुम्ही घाबरलेल्या दिसला तर बरं दिसत नाही. आजूबाजूला बघे. एकदा एकानं मोबाईल काढून व्हिडिओ केला, आणि मागून "माणुसकी अजून जिवंत आहे" असं काहीतरी म्हणला पण. वर पोचल्यावर मी चौघांना थँक्यू म्हणते, चौघं म्हणतात अहो त्यात काय.

खरी गंमत नंतर. नाटक आवडलं नाही म्हणून मध्यंतरात उठून जावं म्हणलं तर? ते चौघं शोधायला लागतात. एक चहाला गेलेला असतो, एकाची ड्युटी संपलेली असते, एक तर प्रेक्षकच होता, तो आत जाऊन बसलेला असतो. एकदा रात्री साडेबाराला नाटक सुटलं, हॉल रिकामा, दिवे एकेक करून बंद होतायत, किल्ल्यांचा जुडगा घेऊन वॉचमन मामा उभे आणि आम्ही तिघं पायऱ्यांच्या वर. भाचा आणि मामा मिळून दोघंच. शेवटी रस्त्यावरनं एक रिक्षावाला आणि त्याचं गिऱ्हाईक बोलावून आणलं. गिऱ्हाईक बिचारं स्टँडवर उतरून घरी निघालेलं, त्याला कळेना आपण कुठल्या नाटकात आलोय.

आता पायऱ्या एवढ्या का, हे पण समजून घ्यायला पाहिजे, मी काही उगीच शिव्या देत नाही. सांगलीत जोतं उंच ठेवणं हे शहाणपण आहे. 2005 ला पूर आला, 2019 ला तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला परत. ज्यानं ज्यानं नंतर बांधकाम केलं त्यानं तीन-तीन फूट भरणी केली, दुकानं, घरं, बँका, सगळं वर उचललं. माझ्या स्वतःच्या घराला पाच पायऱ्या होत्या, त्यात पुरानंतर आणखी दोन वाढल्या, मग अंगणातनं वळण घेत लांबच्या लांब उतार काढून घेतला, त्यात तुळस हलवावी लागली म्हणून आई महिनाभर बोलली नाही. म्हणजे कृष्णामाईपासून वाचायचं तर माझ्यासारखीला बाहेर ठेवायचं असा काहीतरी हिशोब आपोआप होऊन बसतो. कोणी मुद्दाम केलेला नाही. पण जोतं तीन फूट वर घेताना रॅम्पची जागा सोडायची हे आठवणारा माणूस त्या मीटिंगला नसतो एवढंच.

काही ठिकाणी फोनवर "रॅम्प आहे" असं सांगतात. तिथं मी आता आनंदून जात नाही. एका ठिकाणी असंच "आहे की, मागच्या बाजूला" म्हणून सांगितलं, गेलो तर तो नाटकाचा सेट ट्रकमधून चढवायचा उतार. भाच्याच्या खिशात टेप असतेच, त्यानं मोजला. उंची तीन फूट, लांबी आठ फूट. नियम आहे एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे तीन फुटाला 36 फूट पाहिजे, आणि इथं आठ. भाचा म्हणला, "आत्या, हा रॅम्प नाय, ही घसरगुंडी हाय." तरी चढलो. तो मागून ढकलतोय, मी चाकं धरलीयत, वरून सेटवाल्या पोरांनी पुढून ओढलं.

पण एक सांगू, त्या दिवशीची ती एंट्री मला फार आवडली. दारातून थेट विंगेत. अंधार, दोऱ्या, खिळ्यांचा डबा, एक राजवाड्याचा खांब उताणा पडलेला, आणि कोपऱ्यात आरशासमोर एकजण मिशी चिकटवत बसलेला. मला बघून म्हणला, "नमस्कार, आपण कुठल्या भूमिकेत?" म्हणलं प्रेक्षकाच्या. तो मिशी दाबत हसला, म्हणला मग चुकीच्या दारानं आलात. काय उत्तर देणार, बरोबरच होतं त्याचं.

आत गेल्यावर प्रश्न बसायचं कुठं. आपली नाट्यगृहं उताराची, मधल्या वाटेला पायऱ्या, त्यामुळं चेअर एकतर सगळ्यात मागं किंवा सगळ्यात पुढं. मागं थांबलं तर उशिरा येणारे लोक समोरून जातात आणि दाराचा पडदा सारखा उघडतो, पुढं थांबलं तर मान वर करून पात्रांच्या हनुवट्या बघायच्या. वाटेत थांबलं तर डोअरकीपर म्हणतो वाट अडते, ते पण खरंच, काही झालं तर लोक बाहेर पडणार कसे. खरं तर एखाद्या ओळीतली शेवटची दोन खुर्च्यांची जोडी काढून ठेवली की काम होतं. एका हॉलच्या मॅनेजरला मी हे सुचवलं, ते म्हणले दोन सीटा गेल्या तर प्रत्येक शोला दोन तिकिटं गेली की हो ताई. म्हणलं एक तिकीट मी काढते ना, एक माझा भाचा काढतो. ते विचारात पडले. अजून विचारातच आहेत.

आणि पाणी. नाटकाचं तिकीट काढलं की त्या दिवशी माझं पाणी बंद. दुपारी चारनंतर एक घोट नाही. माझ्या ओळखीत चेअर वापरणाऱ्या सगळ्या बायका हेच करतात, कोणी कोणाला शिकवलेलं नाही. स्वच्छतागृहाचं दार दोन फुटी म्हणजे 24 इंच, माझी चेअर 25 इंच. एक इंचानं हुकतं सगळं. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र लावलेलं मी दोन ठिकाणी बघितलं, एकात आत झाडू-बादल्या ठेवलेल्या आणि दुसऱ्याला कुलूप, किल्ली साहेबांकडं, साहेब सुट्टीवर. तीन अंकी संगीत नाटक बघायचं म्हणजे काय तपश्चर्या असते हे मला विचारा. लोक म्हणतात पूर्वीसारखी पहाटेपर्यंत नाटकं चालत नाहीत, वाईट वाटतं. मला नाही वाटत बाई.

आमच्या शेजारचे एक काका आहेत, दोन्ही कानांना मशीन. त्यांची अडचण मला आधी कळलीच नव्हती, ते तर धडधडीत पायऱ्या चढून जातात. पण हॉलमध्ये स्पीकरचा आवाज घुमतो, मशीनमध्ये सगळा कल्ला होतो, आणि शब्द हरवतात. मग ते काय करतात, नाटकाचं पुस्तक छापलेलं असेल तर आठवडाभर आधी आणून वाचून काढतात, आणि मग नाटकाला येतात. मला म्हणले, "विनोदाला मी लोकांच्या आधी हसतो, मग लोक माझ्याकडं बघतात." नवीन नाटकाचं पुस्तक नसतं, तिथं ते येतच नाहीत. बाजूला एक छोटी पट्टी लावून त्यावर संवाद दाखवणं आजच्या काळात किती अवघड आहे? लग्नात नवरा-नवरीची नावं फिरती दाखवणारी एलईडी पट्टी गल्लोगल्ली भाड्यानं मिळते की.

आता सांगली म्हणजे नाट्यपंढरी हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं राजवाड्यात 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल, नागठाण्याचे बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड इथलं. अभिमान मला पण आहे, माझे आजोबा तर बालगंधर्वांचं नाव घेताना कानाला हात लावायचे. पण बालगंधर्वांचा विषय निघाला की मला एक गोष्ट आठवते जी भाषणात कोणी सांगत नाही. उतारवयात त्यांचे पाय गेले. लुळे पडले. ज्यांच्या चालण्यावरनं बायका चालायला शिकल्या म्हणतात, ते शेवटची कित्येक वर्षं चालू शकत नव्हते. 1967 ला गेले ते. समजा आज ते आले, आणि आपल्याकडच्या कुठल्याही स्टेजवर त्यांना जायचंय. विंगेतल्या त्या अरुंद लाकडी पायऱ्या आठवा. काय करणार आपण? चौघंजण बोलवणार.

कारण स्टेजवर चढायची सोय हा तर विषयच कोणाच्या डोक्यात नसतो. अपंग माणूस फार तर प्रेक्षक असेल, कलाकार कसा असेल असं गृहीतच धरलेलं आहे. बँकेत असताना आमच्या महिला मंडळानं एकांकिका केली होती, मी कॅलिपरवर होते तेव्हा, सासूचं काम मिळालं, बक्षीस पण मिळालं. बक्षीस घ्यायला स्टेजवर चढेपर्यंत टाळ्या वाजून संपल्या. दुसऱ्या वेळी एका सत्काराला चेअरवर गेले तर पाहुणे स्वतः खाली उतरून आले, शाल घातली, लोकांना इतकं भरून आलं की दुसऱ्या दिवशी फोटो तोच छापून आला. बाकीच्या सहा सत्कारमूर्ती स्टेजवर होत्या त्यांचा फोटो नाही. त्यांच्यातली एक माझ्यावर अजून रागावलीय.

पेटीवालीबरोबर जायचं म्हणजे वेगळीच दुनिया. तिला पायऱ्यांचं काही नाही, "किती आहेत आणि कठडा कुठल्या हाताला" एवढं सांगितलं की ती माझ्या आधी वर. तिचं भांडण दुसरंच. आम्ही तिघं मागच्या हिवाळ्यात औंधला गेलो होतो, श्रीभवानी संग्रहालय बघायला. सातारा जिल्ह्यातल्या ज्यांनी ते बघितलं नाही त्यांनी लाज वाटून घ्या आणि आधी जाऊन या. यमाईच्या डोंगरावर, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे सूर्यनमस्कारवाले राजेसाहेब, त्यांनी 1938 साली उभं केलेलं. स्वतः चित्रं काढायचे ते. रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं एक छोटंसं दगडी शिल्प आहे, आई आणि मूल. जगातल्या मोठमोठ्या शहरात लोक तिकीट काढून हेन्री मूर बघतात आणि तो इथं खटाव तालुक्यात डोंगरावर बसलाय.

पेटीवाली म्हणली, सांगा मला काय आहे. भाच्यानं सुरुवात केली. रविवर्म्याच्या एका चित्रासमोर उभा राहून म्हणला, "बाई आहे. साडी नेसलीय." पेटीवाली थांबली. "पुढं?" "पुढं... गोरी आहे." "अरे साडी कसली, पदर कुठं, बघते कुठं ती, हात काय करतायत?" मग तो घाबरून नीट बघायला लागला. म्हणला, पदर खांद्यावरनं घसरलाय पण तिचं लक्ष नाही, मान खाली आहे, कोणीतरी येतंय असं वाटतंय तिला. मी तिथं आधी दोनदा जाऊन आलेय, ते घसरलेल्या पदराकडं लक्ष नसणं मला दिसलंच नव्हतं. पाऊण तास आम्ही तीन चित्रं बघितली. भाच्याचा घसा बसला. परत येताना म्हणला, आत्या, मी शाळेच्या सहलीला आलो होतो इथं, दहा मिनिटात बाहेर पडलो होतो.

मग मूरच्या शिल्पाशी आलो. आता हे चित्र नाही, दगड आहे, गोलाई आहे, म्हणजे हातानं बघायची गोष्ट. आणि संग्रहालयात वस्तूंना हात लावायचा नसतो. हा नियम जगभर आहे आणि बरोबरच आहे, हजारो हात लागले तर दगड पण झिजतो, आपल्या देवळातल्या पायऱ्या बघा की. पेटीवालीला पण पटतं ते. ती एवढंच म्हणली, "पिंडीला हात लावून दर्शन चालतं, इथं चालत नाही." दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये 'अनुभव' नावाचं दालन आहे, तिथं मूर्तींच्या प्रतिकृती ठेवल्यात खास हात लावून बघायला. आपल्याकडं गणपतीच्या मूर्ती घडवणारे, पीओपीचे साचे काढणारे कारागीर गावोगाव आहेत. एका शिल्पाची प्रतिकृती करायला असा किती खर्च येतो? पाच-दहा प्रतिकृती आणि त्यापुढं ब्रेलच्या पट्ट्या, एवढ्यानं एखाद्या अंध शाळेची अख्खी सहल लावता येईल.

(साताऱ्याचं शिवाजी महाराज संग्रहालय माझं राहिलंय अजून. 2024 च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा अख्खा जिल्हा लोटला होता, म्हणलं गर्दी ओसरू दे मग जाऊ, तेवढ्यात माझा खांदा दुखावला, मग राहूनच गेलं. जाऊन आले की लिहीन.)

पेटीवालीचं आवडतं ठिकाण विचाराल तर मिरज. नाट्यगृह नाही, गॅलरी नाही, सितारमेकरांची गल्ली. तिथली शिकलगार घराणी पूर्वी तलवारी-भाल्यांना धार लावायची, लढाया संपल्या, धंदा बसला, आणि त्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, छताला लटकवून वाळवतात. आम्ही एका दुकानाशी गेलो, जोतं माझ्या कमरेएवढं. मी सवयीनं म्हणलं मी खालीच थांबते, तुम्ही बघून या. दुकानातले चाचा बाहेर आले, जोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मी वाटच बघत होते आता "उचलू की" येणार म्हणून. ते आत गेले आणि अर्धवट झालेला तंबोरा, एक कोरा भोपळा, एक पॉलिश न केलेली दांडी आणि एक स्टूल घेऊन खाली रस्त्यावर आले. बसले माझ्यासमोर. रिक्षा बाजूनं जातायत, शेळी येऊन भोपळ्याचा वास घेऊन गेली. पेटीवालीच्या हातात भोपळा दिला, म्हणले बोटानं वाजवा. मग दुसरा आणला, हा वाजवा. तिनं दोन टिचक्यांत सांगितलं की पहिला अजून ओला आहे. चाचा म्हणले, "माझ्या पोराला हे कळायला तीन वर्षं लागली."

मला त्या दिवशी कळलं की मला उचलण्याचा राग का येतो. मला उचलताना लोक माझ्याकडं बघतात. चाचांनी अडचणीकडं बघितलं, आणि हलवायला सोपं काय आहे ते हलवलं.

तिथनं दर्गा जवळच. मिरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे, 1937 ला गेले ते, आणि दरवर्षी उरुसात आवारातच त्यांच्या स्मरणात संगीतसभा होते. त्या घराण्याची केवढी मोठी माणसं गाऊन गेलीत तिथं. माझ्या दृष्टीनं तिचं मोठेपण आणखी एक, उघड्यावर, आवारात, कोणाचीही सीट कुठली नाही. मी कडेला चेअर लावते, काका मशीन लावून पुढं जाऊन बसतात, पेटीवाली डोळे मिटते (तिचाच जोक आहे हा, माझा नाही). भीमपलास चालू असला की रात्रीचे किती वाजले कळत नाही. पाणी तिथंपण पीत नाही मी, ती सवय आता जाणार नाही.

कायद्याचं पण सांगते, नाहीतर लोक म्हणतात ताई नुसत्या तक्रारी करतात. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय. (दिव्यांग म्हणा अपंग म्हणा, मला फरक पडत नाही, नाव दिव्य झालं तरी पायरी तीच.) त्यात लोकांच्या वापराच्या असलेल्या इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्यांना जाता येईल अशा करायच्या असं आहे. नियम आले 2017 च्या जूनमध्ये, म्हणजे मुदत संपली 2022 च्या जूनमध्ये. आणि कलम 29 तर खास संस्कृती आणि मनोरंजनाचं आहे, त्यात कला आमच्यापर्यंत पोचवणं आणि आमच्यातल्या कलाकारांना मदत करणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय. मी ते पान प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलं होतं काही दिवस. एका ठिकाणी दाखवलं तर साहेब म्हणले, "छान आहे, असे कायदे पाहिजेतच," आणि परत दिलं.

त्यात आणखी एक मेख अशी होती की त्या नियमांमधली मापं पाळायलाच पाहिजेत की पाळली तर बरं, हेच धड नव्हतं. राजीव रतुरी म्हणून एक अंध गृहस्थ 2005 पासून सुप्रीम कोर्टात भांडत होते, त्यांच्या खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 ला कोर्टानं सांगितलं की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीची मापं ठरवा, तीन महिन्यांत. 2005 ते 2024. भाचा 2005 ला जन्मला. त्याला म्हणलं, बघ, तुझ्याएवढा खटला आहे.

तोवर आपण काय करायचं? भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत एक उद्योग केला. आठ बाय चारचं 12 एमएमचं प्लायवूड आणलं, तीन फूट रुंदीचं कापून घेतलं, मधे बिजागरी लावून दुमडतं केलं म्हणजे ईकोत मावतं, खाली आडव्या पट्ट्या मारल्या, वर सँडपेपरसारखा तो काळा टेप येतो तो चिकटवला. दोन पायऱ्यांना पुरतं, एकास आठचा उतार होतो, कायद्यात बसत नाही पण तो मागं असला की जमतं. खर्च अडीच हजार. आता जिथं एक-दोन पायऱ्या आहेत तिथं आम्ही कोणाला विचारतच नाही, गाडीतून फळी काढायची, टाकायची, वर. पहिल्यांदा एका हॉलवर नेली तर डोअरकीपरनं विचारलं, "सेटचं सामान का?" भाचा म्हणला हो. आत सोडलं.

गंमत म्हणजे फळी टाकली की मागून माणसं येतात. एक आजी गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, त्या पायरी सोडून फळीवरनं चढल्या. एक बाई बाबागाडी घेऊन. तबलजी दोन बॅगा ओढत. मी वर पोचून मागं वळून बघितलं तर पायऱ्या रिकाम्या आणि फळीवर लाईन.

एका नाट्यगृहाच्या वॉचमन मामांना ती इतकी आवडली की म्हणले, "ताई, हितंच राहू दे की, परत परत कुठं आणताय. परवा भावगीतांचा कार्यक्रम हाय, एक मास्तर येतात काठी टेकत, त्यांना हुईल." ठेवली. जिन्याखाली जागा करून दिली त्यांनी, वरनं एक जुनं बॅनर पांघरलं. घरी येताना भाचा खूश, मी पण खूश, वाटलं चला, एक तर काम झालं.

तीन आठवड्यांनी नाटकाला गेलो तर फळी मधोमध मोडलेली. बिजागरीपाशी उभा तडा. मामा डोक्याला हात लावून उभे. ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यावरनं ते मोठे काळे स्पीकर चढवले होते, चार जणांनी उचलून न्यायच्या ऐवजी.

भाच्यानं वाकून तडा बघितला, टेप काढली, म्हणला आता 18 एमएमचा ठोकतो, आणि मधे बिजागरी नको, दोन वेगळे तुकडे करू. म्हणलं कर. बिल कोणाच्या नावानं करायचं ते मी मामांना विचारून घेतलंय, ते म्हणले साहेबांना विचारून सांगतो. मामा आणि भाचा बोलत होते तेवढ्यात तिसरी घंटा झाली, आणि आतून तीन पोरं पळत आली, "चला ताई, उचलूया का?"